सगळीकडं डुकाटीच, मग बघायचं कशाला? एका रेस मेकॅनिकचं जरा लांबलेलं उत्तर

भावा, तुझा प्रश्न वाचला. आधी थोडक्यात परत सांगतो म्हणजे मी बरोबर समजलोय का ते कळेल. तू रॉसीमुळं मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसिंगची सगळ्यात वरची वर्ल्ड चॅम्पियनशिप, बघायला लागलास, आता रविवारी टीव्ही लावला की पहिल्या पाचात चार डुकाटी दिसतात, २०२४ ला २० पैकी १९ रेस त्यांनीच मारल्या, आणि तुझं म्हणणं असं की एका कंपनीला चारपेक्षा जास्त गाड्या देऊच नयेत, आयोजक झोपलेत का. आणि शेवटी हळूच विचारलंयस की मित्रांबरोबर मलेशियातल्या सेपांगला रेस बघायला जायचं ठरलंय तर त्यात पैसे घालू का.

मी कोल्हापूरचा, स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, गेली १६ वर्षं नॅशनल चॅम्पियनशिपला चेन्नई आणि कोइमतूरला मेकॅनिक म्हणून जातोय, जास्त करून सस्पेन्शन आणि गिअरिंगचं काम. मोटोजीपीच्या पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागच्या टीमच्या आवारात) मी काम केलेलं नाही, ते आधीच सांगतो. पण १६५ सीसीच्या गाडीला आणि ३०० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या गाडीला जिंकवणाऱ्या गोष्टी वाटतं तेवढ्या वेगळ्या नसतात, म्हणून लिहितोय.

माझ्या मते तुझ्या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्यात. एक, डुकाटीच का जिंकते. दुसरी, रेस बघताना मजा का येत नाही. तुला वाटतंय पहिलीमुळं दुसरी झाली. मला तसं वाटत नाही, आणि याला पुरावा आपल्याच इथं आहे. आपल्याकडं वन-मेक कप असतात, सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, म्हणजे शंभर टक्के मक्तेदारी. पण चेन्नईच्या ट्रॅकवर त्याच रेसला लोक भिंतीवर चढून बघतात, कारण सात-आठ पोरं एकमेकांच्या स्लिपस्ट्रीममध्ये (पुढच्याच्या मागं हवेचा अडथळा कमी असतो त्यात) शेवटच्या लॅपला येतात आणि फिनिश लाइनवर कोण पुढं ते टायमिंगच्या पडद्यावर बघावं लागतं. तिथं कुणी म्हणत नाही की अरे सगळ्या एकाच कंपनीच्या आहेत, बंद करा. म्हणजे गाडीवरचा बिल्ला हा खरा त्रास नाही.

आता डुकाटी का जिंकते ते बघू, कारण इथं बरेच लोक "पैसा" एवढं बोलून मोकळे होतात. पैशाच्या बाबतीत होंडा डुकाटीला खिशात घालून फिरेल. आणि डुकाटीचा इतिहास काही सरळ नाही. २००३ ला आले, पहिल्याच वर्षी त्यांचा रायडर कापिरोसीनं बार्सिलोनाला जिंकून दिलं, २००७ ला स्टोनर चॅम्पियन, आणि मग घसरगुंडी. तुझा रॉसी २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं त्या गाडीवर होता, एकही रेस जिंकला नाही, पुढचं चाक काय करतंय तेच त्याला कळत नव्हतं. तेव्हा डुकाटीवर लोक हसत होते. २०१३ च्या शेवटी एप्रिलिया कंपनीतून इंजिनिअर जीजी दल्लीन्या आला आणि त्यानं पहिलं काम काय केलं तर नियमांचं पुस्तक वाचलं. २०१४ ला डुकाटीनं हरणाऱ्या कंपनीसाठीच्या सवलती घेतल्या, जास्त पेट्रोल, मऊ टायर, इंजिनात मधेच बदल करायची मुभा. २०२४ पासून होंडा-यामाहाला सवलती मिळाल्या म्हणून काही लोक नाक मुरडतात, तसल्याच सवलतींवर डुकाटी उभी राहिली हे विसरू नकोस. तरी पहिली जिंक यायला २०१६ चं ऑस्ट्रिया उजाडलं, इयान्नोने, स्टोनरनंतर जवळजवळ सहा वर्षांनी. त्यानंतर २०१७, १८, १९ अशी सलग तीन वर्षं डोविझिओसो मार्केसच्या मागं दुसरा. रायडरचं टायटल परत यायला २०२२ लागलं. म्हणजे स्टोनरनंतर १५ वर्षं. एवढा धीर किती कंपन्यांच्या संचालक मंडळाकडं असतो सांग.

विंगलेटचं, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या छोट्या पंखांचं, तसंच. २०१५ ला डुकाटीच्या गाडीला पंख फुटले तेव्हा बाकीचे मिश्या काय उगवल्यात म्हणून हसले, मग घाबरले, मग बंदी आणली, मग डुकाटीनं तेच काम फेअरिंगच्या आतून करून दाखवलं. २०१९ ला कतारला मागच्या चाकाच्या पुढं स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) एक छोटा चमचा लावला होता, चार कंपन्यांनी मिळून तक्रार केली, प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेलं, डुकाटी बरोबर ठरली आणि काही महिन्यांत सगळ्यांच्या गाडीला चमचा. सुटताना गाडी खाली दाबून धरणारं होलशॉट डिव्हाइस मोटोक्रॉसमध्ये जुनंच होतं, ते रोड रेसिंगला आणायचं डोकं यांनी लावलं, मग चालत्या रेसमध्ये गाडी मागून खाली बसवायचं (राइड हाइट डिव्हाइस) डोकं पण यांचंच. दरवेळी बाकीचे एक वर्ष मागं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आठ गाड्या. २०२२ पासून २०२४ पर्यंत ग्रिडवर, म्हणजे रेस सुटते त्या रांगेत, डुकाटीच्या आठ गाड्या होत्या, कंपनीची स्वतःची फॅक्टरी टीम, प्रामाक, ग्रेसिनी आणि व्हीआर४६ (हो, तुझ्या रॉसीचीच टीम, आता काय बोलणार), आणि आठही जणांचा डेटा एकमेकांना खुला. हे किती मोठं आहे ते टीव्हीवर कळत नाही म्हणून माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी चेन्नईला आमच्या दोन गाड्या होत्या आणि शेजारच्या गॅरेजमध्ये एका टीमच्या सहा. शुक्रवारी प्रॅक्टिसचे दोन सेशन, त्यातलं एक पावसानं धुतलं. उरलेल्या वीस मिनिटांत मी एका गाडीचा मागचा स्प्रॉकेट एका दाताने बदलला आणि दुसऱ्या गाडीत फोर्क ऑइलची लेव्हल बदलली. आता एक गाडी अर्धा सेकंद फास्ट आली, पण का आली? स्प्रॉकेटमुळं, का त्या पोराला पुढच्या पोराची स्लिपस्ट्रीम मिळाली म्हणून? दोन गाड्यांत ते कळत नाही. शेजारच्यांनी सहा गाड्यांवर सहा वेगळ्या गोष्टी करून बघितल्या, संध्याकाळी सगळे कागद एका टेबलावर मांडले आणि शनिवारी सहाही गाड्या त्यातल्या सगळ्यात चांगल्या सेटिंगवर. मी रात्री बसून कोल्हापूरहून उद्यमनगरात कापून आणलेले स्प्रॉकेट मोजत होतो की उद्या कुठला लावू. रविवारी काय झालं ते सांगायला नको. त्यांनी चीटिंग केली नव्हती, त्यांच्याकडं माझ्यापेक्षा हुशार मेकॅनिक होता असंही नाही (होता असेल, पण मी मान्य करणार नाही).

तालमीचं उदाहरण देतो, कोल्हापूरकराला त्याशिवाय जमत नाही. ज्या तालमीत आठ तगडे पैलवान रोज सकाळी एकमेकांशीच लढत करतात तिथला आठवा पैलवान पण बाहेरच्या गावात पहिला येतो, कारण रोज त्याला वरच्या सात जणांचे डाव अंगावर घ्यावे लागतात. डुकाटीच्या रायडरांचंही तसंच होतं, मार्टिन ब्रेक कुठं लावतो ते बनयायाला दिसतं, बनयाया कॉर्नरमध्ये काय करतो ते बेझ्झेक्कीला दिसतं, आणि सगळे एकमेकांचं चोरून चोरून वर जातात. २०२३ ला ग्रिडवर यामाहाच्या फक्त दोन गाड्या होत्या. दोन! त्यांचा रायडर क्वार्टारारो कुणाचा डेटा बघणार, आरशात स्वतःचाच?

आणि इथंच तुझ्या नियमाचा प्रश्न येतो, चारच गाड्या द्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या आठ गाड्या डुकाटीनं कुणाच्या हातून हिसकावल्या नव्हत्या. सुझुकी कायम दोनच गाड्या चालवत होती आणि २०२२ नंतर सरळ निघून गेली. यामाहाची सॅटेलाइट टीम (कंपनीची गाडी भाड्यानं घेणारी) त्यांना सोडून एप्रिलियाकडं गेली. खाजगी टीमच्या मालकाला स्पॉन्सर दाखवायचा असतो, तो जिंकणारी आणि परवडणारी गाडी भाड्यानं घेणार, त्यात चूक काय. तेव्हा चारची मर्यादा घातली असती तर ग्रेसिनी आणि व्हीआर४६ ला कुणी गाडी दिली असती? ग्रिड २२ चा १८ झाला असता आणि तू मग "ग्रिड रिकामा का" म्हणून प्रश्न टाकला असतास. आता परिस्थिती बदलली आहे, प्रामाक २०२५ पासून यामाहाकडं गेली, डुकाटी सहावर आली. सहा पण जास्तच आहेत असं माझं मत, चार असावेत, पण बाकीच्यांकडं द्यायला गाड्या तयार असतील तरच.

त्यापेक्षा २०२४ पासून जी सवलतींची पद्धत आणली ती मला जास्त पटते. कन्स्ट्रक्टर (गाडी बनवणारी कंपनी) म्हणून मिळू शकणाऱ्या पॉइंटपैकी किती टक्के मिळवले त्यावर ए, बी, सी, डी असे चार गट. ८५ टक्क्यांच्या वर ए, तिथं २०२५ पर्यंत एकटी डुकाटी. ३५ च्या खाली डी. ए वाल्याला टेस्टिंगसाठी वर्षाला १७० टायर, डी वाल्याला २६०. ए वाल्याचे मेन रायडर स्वतः खाजगी टेस्टिंग करू शकत नाहीत, टेस्ट रायडरच, डी वाल्याचे हवे तेवढे करू शकतात. वाइल्डकार्ड (एखाद्या रेसला जादा गाडी उतरवायची परवानगी) ए ला शून्य, डी ला सहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन, बाकीच्यांचं गोठवलेलं आणि डी वाल्याला मोकळं. यामाहानं आख्खं इनलाइन फोर (चार सिलिंडर एका ओळीत) सोडून व्ही-फोर (सिलिंडर व्ही आकारात) इंजिन बनवायला घेतलं ते या मोकळीकीमुळंच जमलं. आता हे काही सहा महिन्यांत फळ देत नाही, लोकांनी २०२४ संपताच बोंब मारली की काही उपयोग झाला नाही. अरे इंजिन म्हणजे काय वडापाव आहे का, टाकला तेलात आणि दिला.

फळ दिसायला लागलंय की नाही ते २०२५ मध्ये बघ. डुकाटीच्या सलग २२ जिंका झाल्या होत्या, होंडाच्या १९९७-९८ च्या रेकॉर्डशी बरोबरी झाली, आणि फ्रान्सच्या ल मांला पावसात झार्कोनं होंडावर ती साखळी तोडली. सिल्वरस्टोनला क्वार्टारारो यामाहावर आरामात पुढं होता, राइड हाइट डिव्हाइस अडकलं म्हणून गेला, आणि जिंकला तो पण एप्रिलियावर बेझ्झेक्की. सीझन संपताना होंडा डी मधून वर सी मध्ये गेली. २०२५ ला २२ पैकी १७ रेस डुकाटीच्या, हे खरं. पण त्या १७ पैकी ११ एकट्या मार्क मार्केसच्या आहेत. ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाच्या मंडालिकाला बेझ्झेक्कीची धडक बसून त्याचा खांदा गेला आणि तो बाहेर बसला, त्यानंतरच्या चार रेसपैकी तीन एप्रिलियानं जिंकल्या, फिलिप आयलंडला राउल फर्नांडिस, पोर्तिमाव आणि वालेन्सियाला बेझ्झेक्की. डुकाटीला फक्त सेपांग. आणि मार्केसचा टीममेट बनयाया, दोन वेळचा चॅम्पियन, तशीच लाल गाडी, शेजारचं गॅरेज, तोच डेटा, तो वर्षाच्या शेवटी पाचवा. म्हणजे २०२४ ला जिंकत होती ती गाडी, कारण पहिले चारही रायडर डुकाटीचे होते. २०२५ ला जिंकत होता तो माणूस. तुझा राग २०२४ चा आहे आणि तू तो २०२५ वर काढतोयस.

बरं, २०२४ पण तू म्हणतोस तेवढं वाईट होतं का? मार्टिन आणि बनयाया शेवटच्या वीकेंडपर्यंत भिडले, बनयायानं ११ रेस जिंकल्या आणि तरी टायटल १० पॉइंटनं घालवलं, ५०८ विरुद्ध ४९८. आणि मार्टिन सॅटेलाइट टीमचा, वर तो पुढच्या वर्षी एप्रिलियाकडं जाणार हे जूनमध्येच जाहीर झालेलं. शत्रूच्या घरी एक नंबरचा स्टिकर घेऊन जाणारा माणूस, त्याला त्यांनी तशीच गाडी शेवटपर्यंत दिली. मी इतकी वर्षं पॅडॉकमध्ये काढलीत, असल्या वेळी पोराच्या गाडीचे नवे पार्ट अचानक "कुरिअरमध्ये अडकलेले" मी स्वतः बघितलेत. त्यामुळं मला डुकाटीचा त्या वर्षी आदर वाटला.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर जिंकण्यामागं सवलतींचा हुशार वापर, नव्या गोष्टी आधी करायची हिंमत, आठ गाड्यांचा डेटा, आणि २०२५ ला मार्केस. आता तुझा खरा त्रास, रेसमध्ये मजा का नाही.

इथं मी तुझ्या बाजूनं आहे, पण आरोपी वेगळा. पहिला आरोपी पंख. पुढच्या गाडीच्या मागं गेलं की हवा घाणेरडी मिळते, पुढच्या चाकावरचा दाब जातो, ब्रेकिंगला गाडी थांबत नाही. दुसरा, राइड हाइट. गाडी खाली बसल्यामुळं व्हीली होत नाही, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही, सगळेच सारखे सुटतात, आधी जो रायडर उजव्या मनगटानं कॉर्नरमधून चांगला बाहेर यायचा त्याचा फायदा गेला. तिसरा आरोपी सगळ्यात बारीक आणि माझ्या धंद्यातला, पुढच्या टायरची हवा. मिशेलिनचा पुढचा टायर, कमीत कमी १.८ बार हवा ठेवायचा नियम, रेसमधल्या ठरावीक लॅपना त्याच्या खाली गेलास तर १६ सेकंद दंड. आता तू एकटा पुढं पळालास तर टायर थंड राहतो, हवा कमी होते. कुणाच्या मागं राहिलास तर पुढच्याच्या इंजिनची आणि ब्रेकची गरम हवा तुझ्या टायरवर, प्रेशर चढतं, टायर फुगतो, ग्रिप जाते. म्हणजे मेकॅनिकला सकाळी ठरवावं लागतं की आपला पोरगा आज पुढं असणार का मागं, आणि अंदाज चुकला की रेस गेली. २०२५ च्या पहिल्याच रेसला थायलंडमध्ये मार्केस पुढं असताना मुद्दाम भावाच्या मागं गेला आणि शेवटी परत पुढं आला, लोकांना वाटलं दमला, तो टायर गरम करत होता. कतारला विन्यालेस दुसरा आला आणि दंड लागून चौदावा झाला. आम्ही चेन्नईला पाऊण वाजताच्या उन्हात अर्धा पीएसआय कमी का जास्त यावरून भांडतो, पण आमच्याकडं निदान कुणी सेन्सर बघून १६ सेकंद कापत नाही.

हे तिन्ही आरोपी सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर बसलेत. उद्या डुकाटी बंद झाली आणि बावीसच्या बावीस एप्रिलिया आल्या तरी ओव्हरटेकिंग एवढंच होईल.

२०२७ ला यातलं बरंच बदलतंय. इंजिन १००० वरून ८५० सीसी, राइड हाइट आणि होलशॉट दोन्ही पूर्ण बंद, पंख लहान, मिशेलिन जाऊन पिरेली, पेट्रोल २२ लिटरवरून २०. आणि एक ओळ जी बऱ्याच जणांनी वाचलीच नाही, प्रत्येक सेशननंतर सगळ्या रायडरचा जीपीएस डेटा सगळ्या टीमना मिळणार. म्हणजे मी वर तालमीचं सांगितलं ना, त्या तालमीचा दरवाजा थोडा उघडणार. सगळा डेटा नाही, थ्रॉटल, सस्पेन्शन वगैरे आपापलंच, पण कोण कुठल्या लाइननं किती स्पीडनं गेला हे कळणार. दोन गाड्यावाल्यासाठी हे सोनं आहे.

मग डुकाटी खाली येईल का? ते कशावर अवलंबून आहे ते सांगतो, भविष्य नाही सांगत. नियम बदलले की कधी कधी हुशार आणखी पुढं पळतो, २००७ ला ८०० सीसी आलं तेव्हा डुकाटीनंच सगळ्यांना धुतलं होतं. टायर बदलणं मात्र मोठी गोष्ट, इतक्या वर्षांचा मिशेलिनचा डेटा रद्दीत जाणार. माणसं पण हललीत, इंजिनिअर बघ, डुकाटीचा बार्तोलिनी यामाहात आहे, डुकाटीत मुरलेला स्तेर्लाकिनी एप्रिलियात, एप्रिलियाचा अल्बेसियानो होंडात. डोकी हलली की ज्ञान हलतं, कागद चोरावे लागत नाहीत. केटीएमचं बघावं लागेल, २०२४ च्या शेवटी दिवाळखोरीच्या दारात होते, मग आपल्या आकुर्डीच्या बजाजनं पैसे ओतून २०२५ मध्ये ताबा घेतला. बजाजचे लोक हिशोबाला पक्के, रेसिंगवर किती वर्षं खर्च करतील ते त्यांच्या पुण्यातल्या टेबलावर ठरणार. अकोस्टासारखा पोरगा त्या गाडीवर २०२५ ला चौथा आला, तेव्हा गाडी अगदी टाकाऊ नाही.

एक गंमत सांगतो आणि मग सेपांगकडं येतो. २०२३ ला बुद्ध सर्किटला भारतातली पहिली मोटोजीपी झाली, तिथं बेझ्झेक्की डुकाटीवर आठ सेकंदांनी जिंकला, खरं तर एकदम फुसकी रेस. पण तिसऱ्या नंबरवर आलेला क्वार्टारारो, दोन गाड्यांच्या कंपनीचा माणूस, त्या उन्हात शेवटी दुसऱ्या नंबरच्या मार्टिनच्या डुकाटीच्या अगदी जवळ येऊन पोचला. ती रेस बघताना मी पहिल्याकडं बघितलंच नाही. तू पण असं करून बघ, एखादा मधला रायडर पकड आणि आख्खी रेस त्याच्याबरोबर काढ.

आता सेपांग. पैसे असतील तर जा, २०२७ ची वाट बघत बसू नकोस. स्टार्ट-फिनिशच्या समोरचं महाग तिकीट घेऊ नकोस, तिथं गाड्या फक्त सूं करून जातात. शेवटच्या कॉर्नरला, म्हणजे १५ नंबरच्या हेअरपिनला बस. दोन लांब सरळ रस्त्यांच्या मधे तो आहे, ३०० च्या वरून येऊन तिथं ब्रेक लावतात, पंख असोत नाहीतर नसोत, तिथं घुसाघुशी होतेच. शुक्रवारी सकाळच्या प्रॅक्टिसपासून जा, गर्दी नसते, आणि ब्रेकिंगला मागचं चाक कुणाचं उचलतंय, कुणाचं आडवं जातंय ते एका जागी बसून दोन तास बघ. रेनकोट घे, दुपारी पाऊस हमखास. आणि कानात घालायला चांगले प्लग घे, कापसाचे बोळे चालणार नाहीत, पहिल्या दिवशी मी चेन्नईला तीच चूक केली होती आणि तिथं तर गाड्या १६५ च्या होत्या.